विजेत्याच्या पदरात

'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा महाअंतिम सोहळा, ६ ऑक्टोबर २०२४ ची रात्र. घरात सहा जण उरले आहेत, सत्तर दिवसांचा मुक्काम काही तासांत संपणार आहे, आणि नेमक्या त्या घटकेला स्पर्धकांसमोर पैशांची पेटी येते. अट सरळ आहे: पेटी घ्यायची आणि विजेतेपदाचा हक्क सोडून तिथूनच निघायचे. नऊ लाख रुपये घेऊन जान्हवी किल्लेकर निघते. उरलेले पाच जण जागचे हलत नाहीत. आपण या प्रसंगापाशी जरा रेंगाळू या. एरवी निकालाच्या उत्कंठेत तो नजरेआड होतो, पण माझ्या मते त्या सबंध पर्वातले सर्वांत आशयघन दृश्य तेच आहे.

पेटी न उचलणारे पाच जण आहेत आणि विजेतेपद एकच आहे. त्यांतल्या चौघांच्या हाती ना पेटी लागणार, ना चषक, आणि हे त्या पाचांनाही पुरते ठाऊक आहे. तरीही सूरज चव्हाण, अभिजीत सावंत, निक्की तांबोळी, धनंजय पोवार आणि अंकिता वालावलकर हे पाचही जण समोरचे, मोजून घेता येणारे नऊ लाख बाजूला सारतात आणि मोजता न येणाऱ्या कशाची तरी वाट पाहत बसून राहतात. आणि जान्हवीचा निर्णय? तोही तितकाच देखणा. आपल्याला किती मते पडली असतील याचा मनाशी अदमास बांधायचा, आणि कॅमेऱ्यासमोर, सबंध महाराष्ट्राच्या देखत तो अदमास कृतीत उतरवायचा, याला मनाची एक वेगळीच स्वच्छता लागते.

नव्या रायपुरात रात्रीच्या जेवणानंतर शतपावलीला निघावे असे रुंद, झाडांच्या रांगांचे रस्ते आहेत आणि त्यांवर रात्री रहदारी अगदी बेताची. त्या दिवसांत आमच्या सेक्टरातल्या मराठी घरांची शतपावली याच विषयावर रंगत असे. "पेटी घेतली ते बरं केलं हो तिनं," शेजारच्या काकू म्हणाल्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" त्यांची सून चालता चालता थबकली. "पण आई, मग सत्तर दिवस ती तिथे राहिली कशासाठी? नऊ लाखांसाठी?" काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "नऊ लाख काय थोडे झाले?" रस्त्याच्या त्या वळणावर दोघीही मला खऱ्या वाटल्या. स्पर्धेच्या कार्यक्रमांचा रसिक असाच असतो. त्याला निकालापेक्षा निकालाचा अन्वयार्थ प्रिय असतो. कोण जिंकले हे तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येतेच. जिंकणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडले, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे चघळता येतो.

छत्तीसगडातल्या मराठी माणसाला या चर्चेची गोडी जरा अधिकच आहे, आणि तिचे मूळ मला २००५ सालात सापडते. पण आधी थोडे मागे जाऊ. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे अठराव्या शतकात आला, बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि पुढे मराठी कुटुंबे रायपुरात स्थिरावत गेली. शहरात तात्यापारा आहे, चौबे कॉलनीत १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे, आणि १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे हे आपल्याच भाषेच्या घरातले. पिढ्यान् पिढ्या आपण इथले झालो आणि घरात मराठी राखली. अशा माणसाच्या मनाला दोन माहेरे असतात, आणि ती दोन्ही एकाच मंचावर समोरासमोर उभी ठाकलेली आपण पाहिली ती 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वात.

ऑक्टोबर २००४ मध्ये सोनी वाहिनीवर ते पर्व सुरू झाले. साचा ब्रिटनच्या 'पॉप आयडॉल'चा, परीक्षक सोनू निगम, अनू मलिक आणि फराह खान, आणि शेवटचा निवाडा प्रेक्षकांच्या मतांचा. अखेरच्या चौघांची नावे आज पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहा: मुंबईचा अभिजीत सावंत, भिलाईचा अमित साना, नागपुरात जन्मलेला राहुल वैद्य आणि जबलपूरची प्राजक्ता शुक्रे. चौघांपैकी तिघे मराठी. आणि मुंबई वगळली तर उरलेली तिन्ही गावे जुन्या मध्य प्रांतातली, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात आपले रायपूरही होते. कोणी योजून केलेली ही निवड नव्हती, म्हणूनच तिची मौज अधिक. राज्यांच्या सीमा कितीदा बदलल्या, पण गाणाऱ्या मुलांच्या गावांनी एक विसरलेला नकाशा अलगद पुन्हा उलगडून दाखवला.

त्यात अमित साना भिलाईचा. रायपुराहून तासाभराच्या अंतरावरचे हे गाव देशाला ठाऊक आहे ते सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या पोलाद कारखान्यामुळे. पण त्या परिसराचा कान तयार आहे. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई, ज्यांनी हातातल्या तंबुऱ्याचीच कधी गदा तर कधी धनुष्य करून पंडवानी ही महाभारतकथा गाऊन सांगण्याची लोककला जगभर नेली, त्या याच कारखान्याच्या नोकरीत होत्या. तिथल्या मुलाने मुंबईच्या मंचावर जाऊन अखेरच्या दोघांत यावे, याचे छत्तीसगडाला किती अप्रूप वाटले असेल! राज्य स्थापन होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. नव्या राज्याला आपला म्हणून मिरवावा असा चेहरा हवा होता, आणि तो दर आठवड्याला गात होता. इकडे मराठी घरांत मात्र दुविधा. आईचे मन सावंतांच्या अभिजीतकडे ओढ घेई आणि भिलाई-दुर्गच्या शाळांत शिकलेली मुले अमितसाठी मोबाइल हातात घेऊन बसत. एकाच घरातून दोघांनाही एसएमएस गेले, आणि ते नेहमीच्या एसएमएसपेक्षा महाग असत, हे महिनाअखेरीस वडिलांच्या लक्षात येई.

मग आली ५ मार्च २००५ ची रात्र. या साच्यातल्या प्रत्येक स्पर्धेत तो एक विराम असतो: दोघे जण शेजारी उभे, नाव सूत्रसंचालकाच्या ओठांवर आलेले आणि उच्चारलेले नाही. तबलजीने तिहाई घेतली आहे, सम पुढ्यात दिसते आहे, आणि श्रोत्याचा हात मांडीवर पडायचा थांबला आहे, अशी ती अवस्था. आपण बहुतेक जण त्या क्षणी विजेता कोण याकडे डोळे लावतो. माझी विनंती आहे की एकदा दुसऱ्या चेहऱ्याकडे पाहावे. विजेत्याच्या मुखावर जे उमटते ते स्वाभाविक असते, त्याला आनंदाशिवाय दुसरे काही करायचेच नसते. पण उपविजेत्याला एका श्वासाच्या अवधीत आशेतून बाहेर यायचे असते, सोबत्याला मिठी मारायची असते, आणि मिठीतली ऊब खरी असावी लागते, कारण कॅमेरा खोटी ऊब लपू देत नाही. इतकी अवघड हरकत सबंध पर्वात त्याच्याकडून दुसरी कोणी मागितलेली नसते, आणि तिला गुण कोणीच देत नाही.

अभिजीत जिंकला, आणि त्याच्या पदरात पडला एक कोटी रुपयांचा करार. घरी बसून ऐकणाऱ्या आपल्याला त्यातले फक्त 'एक कोटी' ऐकू आले. करार म्हणजे पुढे करायचे काम: गायची गाणी, काढायचे अल्बम, द्यायचे कार्यक्रम, आणि त्या बदल्यात टप्प्याटप्प्याने येणारे पैसे. तो पहिला अल्बम काही आठवड्यांतच निघाला. त्याचे नाव होते 'आपका अभिजीत सावंत', आणि त्यातले 'मोहब्बतें लुटाऊंगा' रिक्षा, वराती, कॉलेजची स्नेहसंमेलने सगळीकडे वाजू लागले. त्या नावात जे आर्जव आहे ते मला फार हृद्य वाटते. ज्याला मतदारांनी निवडले तो पहिल्याच वेष्टनावर स्वतःला त्यांच्या हवाली करतो. पुढे 'जुनून' आला, डिसेंबर २००७ मध्ये जकार्ताला झालेल्या 'एशियन आयडॉल'मध्ये त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले. अमितचाही 'चल दिए' हा अल्बम निघाला.

पण काळ कसा होता ते आपण विसरता कामा नये. तो कॅसेटचा अस्तकाल होता. स्वतंत्र अल्बमांची बाजारपेठ त्या दोन-चार वर्षांत विरत गेली, सीडीची दुकाने मोबाइलची दुकाने झाली, गाणे विकत घेण्याऐवजी लोक ते फोनच्या रिंगटोनला लावू लागले. ज्या वस्तूसाठी तो करार होता ती वस्तूच बाजारातून नाहीशी होत गेली. चित्रपटात गायचे म्हटले तर गायकाला एकरकमी मानधन मिळे आणि गाणे पुढे कितीही वाजो, त्याचा हक्क संपे. गायकांना कलावंत म्हणून स्वामित्वधनाचा आधार मिळाला तो २०१२ च्या कायदादुरुस्तीने. राहिले जाहीर कार्यक्रम: गणपती, नवरात्र, महोत्सव, एकतीस डिसेंबर. विजेत्याची पोटापाण्याची खरी वाट तीच. आमच्या नव्या रायपुरातल्या राज्योत्सवाच्या मंचावर दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतून पुढे आलेले गायक येतात तेव्हा निवेदक त्यांच्या नावाआधी त्या स्पर्धेचे नाव घेतो आणि मैदानातून टाळ्यांची पहिली लाट उठते. ती लाट गाण्याच्या आधीची असते. गळ्याने अजून काहीच केलेले नसते आणि श्रोता आधीच ऋणात असतो. इतर गायकांना जे प्रत्येक मैफलीत नव्याने कमवावे लागते, ते विजेत्याला उंबरठ्यावरच मिळते, आणि मग उरलेला दीड तास त्याला त्या उधारीला जागावे लागते.

२०२४ च्या आरंभी अमितने एका मुलाखतीत सांगितले की अंतिम फेरीच्या वेळी त्याच्यासाठीचे मतदान रोखले गेले होते. अभिजीतने ते म्हणणे मान्य केले नाही, देशभरातून मते आली होती असे तो म्हणाला. त्या बातमीने भिलाई-रायपुरात जुन्या चर्चेला पुन्हा पालवी फुटली. खरेखोटे ठरवणे हा या लेखाचा विषय नव्हे. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते: एकोणीस वर्षांनंतरही त्या निकालाविषयी दोघांना बोलावेसे वाटते, आणि आपल्याला ऐकावेसे वाटते. त्या रात्री गायलेली गाणी कुणाला फारशी आठवत नाहीत. पण आपण कोणाच्या बाजूने होतो, हे प्रत्येकाला आठवते.

आणि मग त्याच वर्षी अभिजीत 'बिग बॉस मराठी'च्या घरात गेला, सूरजसोबत शेवटच्या दोघांत पोहोचला, आणि उपविजेता ठरला. हा योग रसिकाने हळुवारपणे न्याहाळावा असा आहे. एकदा त्या विरामाच्या उजव्या अंगाला उभा राहिलेला माणूस वीस वर्षांनी डाव्या अंगाला उभा राहतो. जिंकणे कसे असते हे त्याला ठाऊक आहे, जिंकल्यानंतरची वर्षेही त्याने पाहिली आहेत, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला त्यातले काहीच अजून ठाऊक नाही.

तो पोर म्हणजे बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला, बहिणींनी वाढवलेला, 'झापुक झुपूक' आणि 'बुक्कीत टेंगूळ' अशा स्वतः घडवलेल्या बोलीने आधी मोबाइलच्या पडद्यावर आणि मग घराघरांत पोहोचलेला. आमच्या काकू पहिल्या आठवड्यात त्याच्यावर नाराज होत्या, "हे काय बोलणं!" म्हणत होत्या, शेवटच्या आठवड्यात त्याच जोराजोरात 'झापुक झुपूक' म्हणून नातवाला हसवत होत्या. सहानुभूतीची मते त्याला मिळाली, असे पुष्कळांनी म्हटले. मिळाली असतीलही. पण सहानुभूती ही काही रसाला परकी गोष्ट नाही; करुणाला नवरसांत मानाचे स्थान आहे, आणि प्रेक्षकाच्या मनात तो जागवणे हेही एक कर्तृत्वच.

सूरजला मिळाले १४ लाख ६० हजार रुपये, दागिन्यांसाठी दहा लाखांचे व्हाउचर आणि एक विजेवर चालणारी स्कूटर. या आकड्यापाशी आपल्या चर्चेत नेहमी एक खाली आवाजातला प्रश्न येतो: "हातात किती पडतात हो यातले?" उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि ते रुक्ष मानण्याचे कारण नाही. २००१ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात लॉटरी आणि पत्त्यांच्या खेळांच्या पंगतीला दूरचित्रवाणीवरच्या अशा मनोरंजनाच्या कार्यक्रमांनाही बसवले, ज्यांत लोक बक्षिसासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. ते साल लक्षात घ्या: 'कौन बनेगा करोडपती' जुलै २००० मध्ये सुरू झाले होते, आणि वर्षभरात संसदेने त्याची दखल कायद्याच्या भाषेत घेतली होती. या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर, वर उपकर. एरवी ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही अशा माणसालाही यातून सूट नाही, आणि तयारीसाठी केलेला खर्चही वजा होत नाही. वस्तूरूपाने मिळालेल्या बक्षिसाचा करसुद्धा वस्तू हाती पडण्याआधी भरला गेलेला असावा लागतो. या हिशोबाने चौदा लाख साठ हजारांतले सुमारे साडेचार लाख सरकारजमा होतात आणि दहा लाखांच्या आसपास रक्कम उरते. शतपावलीत हा हिशोब झाला तेव्हा काकूंच्या सुनेने जान्हवीच्या पेटीचाही हिशोब घातला, आणि कर कापला तर तीही सहा लाखांवर येईल म्हणाली. काकू बराच वेळ गप्प होत्या.

पण सूरजच्या पदरात पडलेले त्या धनादेशावर मावत नाही. त्याच मंचावर केदार शिंदे यांनी त्याला नायक करून चित्रपट काढण्याची घोषणा केली आणि 'झापुक झुपूक' २५ एप्रिल २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला. गावात घर बांधून देण्याचा शब्द अजित पवारांनी दिला. चित्रपट किती चालला याची चर्चा करणारे करोत. मला त्याच्या नावाशीच थांबावेसे वाटते. ज्या बोलीला महाराष्ट्राने वेडगळ ठरवले होते ती बोली फलकावर, मोठ्या अक्षरांत, चित्रपटाचे शीर्षक होऊन आली.

बक्षिसाच्या मोजमापात मला एक व्यक्ती नेहमी आठवते: बबिता ताडे. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मिळवणाऱ्या बबिताताई २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. त्या खेळात त्यांनी बोलून दाखवलेली इच्छा मोबाइल फोनची होती, कारण घरात एकच फोन होता आणि तो सगळ्यांना मिळून वापरावा लागे. आणि जिंकल्यानंतर त्या म्हणाल्या की खिचडी शिजवायचे काम आपण सोडणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये एक कोटी रुपये उभे आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना काही बदलू शकत नाहीत, हे पाहून मन भरून येते. पुढे त्यांच्या जिल्ह्यात मतदारजागृतीसाठी त्यांनाच दूत नेमले गेले. लोकांनी मत द्यावे हे सांगायला प्रशासनाला त्यांच्यापेक्षा अधिक विश्वासाचा चेहरा सापडला नाही.

आणि आता त्या पर्वाकडे येऊ, ज्याचे नाव काढताच कोणत्याही मराठी घरातल्या माणसाचा आवाज मऊ होतो. झी मराठीवरचे 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स', २००८-०९. पल्लवी जोशींचे सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचे परीक्षण, आणि अंतिम फेरीत पोहोचलेली पाच मुले: आळंदीची कार्तिकी गायकवाड, अरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत. गावांची ही नावे म्हणून पाहा. वारीचा इंद्रायणीकाठ, कोकणातली दोन गावे, पुणे आणि मराठवाडा. रायपुरात बसून ते पर्व पाहणाऱ्या आपल्याला महाराष्ट्र असा गावागावाने घरी येत होता. मुग्धाला तिथे 'लिटिल मॉनिटर' म्हणत, प्रथमेशला 'उकडीचा मोदक', रोहितला 'रॉकस्टार'. ही लाडाची नावे चषकाच्या कितीतरी आधी वाटली गेली, आणि चषक कुठल्या कपाटात असेल ते असो, नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत.

फेब्रुवारी २००९ मध्ये महाविजेती ठरली कार्तिकी. वडील कल्याणजी गायकवाड हेच तिचे गुरू. दहा वर्षांची ती मुलगी गौळण म्हणे तेव्हा तिच्या स्वरात बालपणाचा गोडवा असेच, पण शब्दफेकीला मात्र फडावरच्या भजनी मंडळींचा ठामपणा असे. टाळ-पखवाजाच्या संगतीत वाढलेल्या कानाशिवाय तो येत नाही. आर्याची तालीम शास्त्रीय, प्रथमेशच्या गळ्यात नाट्यगीताचा डौल, रोहितचा आवाज आधुनिक गाण्याला साजेसा, आणि मुग्धा इतकी लहान की माइकच्या उंचीपासून सगळेच तिच्यासाठी जुळवून घ्यावे लागे. पाच प्रकृती, आणि त्यांना एकाच तराजूत घालणे किती अवघड होते हे तेव्हा आपल्यालाही जाणवत होते. निकाल लागला आणि महाराष्ट्राने एक विलक्षण गोष्ट केली. निकाल मान्य केला, कार्तिकीचे कौतुक केले, आणि लगेच त्या पाचांना मिळून 'पंचरत्ने' म्हणायला सुरुवात केली. क्रमांक एक ते पाच ही उतरंड प्रेक्षकांनी इतक्या प्रेमाने बाजूला ठेवली की आज त्या पाचांत दुसरे, तिसरे, चौथे कोण होते हे विचारले तर चांगले चांगले रसिक अडखळतात.

नंतरची वर्षे त्याचीच साक्ष देतात. आर्या 'ती सध्या काय करते'ची नायिका झाली, रोहित 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उपविजेतेपदापर्यंत गेला, कार्तिकीने वारकरी संगीताची वाट धरून ठेवली. २०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' नव्याने सुरू झाले तेव्हा परीक्षकांच्या जागी हीच पाच जणे बसली, पाचही, एकही न गाळता. आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रथमेश आणि मुग्धाचे लग्न झाले तेव्हा तर कमालच. आमच्याकडे भिलाईच्या एका मावशींनी फोन करून बातमी दिली ती अशी की जणू त्यांना घरची पत्रिका आली होती: "अगं, आपल्या मॉनिटरचं लग्न ठरलं मोदकाशी!" त्या मावशी दोघांना कधी भेटलेल्या नाहीत. पण चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी या मुलांसाठी एसएमएस केले होते, ताप आलेला असताना जागून भाग पाहिला होता, आणि त्यामुळे त्या वधूपक्षाच्या झाल्या होत्या. असा मानलेला गोतावळा कोणत्याही करारात लिहून देता येत नाही.

इथे मला आमच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धाही आठवतात. गीतगायनाच्या पहिल्या बक्षिसाला स्टीलचा डबा किंवा फुलदाणी, आणि वर कागदाचे प्रशस्तिपत्र. डब्यात साखर भरली जाते, पत्र फाइलीत जाते. पण पुढच्या वर्षी आरतीनंतर कुणीतरी म्हणते, "वहिनी, गेल्या वर्षीचं ते गाणं म्हणा ना," आणि वहिनी नाही नाही म्हणत पुढे येतात. तिकडच्या झगझगीत मंचावर आणि इकडच्या मांडवात आकडे वेगळे, दिवे वेगळे. मागणी मात्र तीच.

शेवटी एक नाव, जे इथे आमच्या शेजारच्या विदर्भातले म्हणून जरा हट्टाने घेते: वैशाली माडे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची ही गायिका आधी मराठी 'सा रे ग म प' जिंकली आणि मग २००९ मध्ये हिंदी 'सा रे ग म प'ही. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला, आणि त्यातल्या 'पिंगा'साठी संजय लीला भन्साळींनी श्रेया घोषालसोबत तिचा आवाज घेतला. श्रेयाही 'सा रे ग म'चीच विजेती. तो कार्यक्रम पाहून भन्साळींच्या आईंनी मुलाला हाक मारली आणि त्यातून 'देवदास'मधली तिची गाणी आली, ही कथा आपल्याला माहीत आहेच. म्हणजे काशीबाई आणि मस्तानी फेर धरतात तेव्हा एकाच स्पर्धेच्या दोन विजेत्या, वेगवेगळ्या वर्षांच्या, एकाच सुरावर पाऊल टाकत असतात. एकीने सूर उचलावा, दुसरीने तो झेलावा, मग दोघींनी मिळून समेवर यावे, आणि सोबतीला गणेश चंदनशिवेंचा लोकरंगाचा खडा आवाज. रायपुरातल्या लग्नांत, मराठी असो वा छत्तीसगडी, संगीताच्या रात्री हे गाणे वाजल्यावाचून राहत नाही. पुढच्या वेळी ते लागले की श्रेयाच्या जोडीचा तो दुसरा आवाज जरा निरखून ऐका. तो हिंगणघाटचा आहे.